शनिवार ते मंगळवार

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. सकाळी साडेदहाच्या सुमाराला राजारामपुरीच्या आठव्या गल्लीतल्या इंगवल्यांच्या स्वयंपाकघरात संयोगिताबाई फ्रीजमध्ये डोकं घालून उभ्या होत्या. काही शोधत नव्हत्या, नुसत्याच उभ्या होत्या. बाहेर गल्लीत माणसं कानटोप्या घालून फिरत होती आणि यांच्या मानेपासून कपाळापर्यंत आग उसळली होती. दुधाचं पातेलं आणि मेथीची जुडी यांच्या मधल्या जागेत त्यांचं कपाळ बरोबर मावत असे. दोन-तीन मिनिटं तिथं थांबलं की आग आपोआप निवे, मग त्या फ्रीज लावून पुन्हा भाकरीच्या पिठाकडं वळत. गेले पाच-सहा महिने हे दिवसातून तीन-चारदा चाललं होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की घरातले लोक त्यावर विचार करणार, आणि इंगवल्यांच्या घरात लोक विचार करायला लागले की पुढचं निस्तरायचं काम संयोगिताबाईंकडंच येई.

नेमका त्या दिवशी धाकटा दीर बाळासो पाणी प्यायला आत आला. बाळासो आणि थोरले बंधू हंबीरराव, म्हणजे संयोगिताबाईंचे यजमान, यांचं घराला लागूनच ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. पंधरा दिवसांपूर्वी बाळासोचा तालमीतला एक दोस्त दरदरून घाम फुटून दवाखान्यात भरती झाला होता, आणि तेव्हापासून घाम या विषयात बाळासोचा शब्द शेवटचा मानला जात होता. त्यानं वहिनींचं डोकं फ्रीजमधून बाहेर येताना पाहिलं, कपाळावरचा घाम पाहिला, छातीवर टेकलेला हात पाहिला आणि तांब्या खाली ठेवला.

"वैनी, बसा. हाय तितंच बसा."

"मला काय झालं न्हाई, भाऊजी. जरा गरम..."

"बोलू नका. हार्टच्या पेशंटनं बोलायचं न्हाई. बोललं की लोड येतो."

मग त्यानं तिथूनच "खुर्ची आणा रं" अशी हाळी दिली. दुकानातले दोन मेकॅनिक, संयोगिताबाईंची दोन तरणी पोरं आणि खुद्द हंबीरराव धावत आले. बाई धडधाकट चालत बाहेर जाऊ शकत होत्या, किंबहुना त्या निघाल्याही होत्या, पण त्यांना धरून खुर्चीत बसवण्यात आलं आणि खुर्चीसकट उचलून दुकानाच्या टेम्पोत ठेवण्यात आलं. हाताला पीठ तसंच होतं. एका बाजूला गिअरबॉक्सची खोकी, दुसऱ्या बाजूला बाळासो, मधे खुर्चीत संयोगिताबाई, अशी ती मिरवणूक आठव्या गल्लीतून निघाली. दारादारांत बायका उभ्या राहिल्या. तव्यावरची भाकरी उलटायची राहिली आहे, एवढं सांगायला त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यांना गप्प करण्यात आलं.

हंबीररावांनी वाटेतच निदान करून टाकलं. पन्नास वर्षं चाललेल्या मशीनचा पंप केव्हातरी जाणारच, त्यात आश्चर्य काही नाही, असं ते ड्रायव्हरला सांगत होते. त्यांच्या आवाजात काळजी होती, खोटं कशाला बोला. फक्त ती काळजी बायकोशी बोलण्यापर्यंत कधी पोचत नसे, वाटेतच कुणा ड्रायव्हरपाशी उतरून जाई.

ज्या दवाखान्यात त्यांना नेलं त्याचं नाव सांगत नाही, कारण तिथं जे झालं ते कुठंही झालं असतं. तातडीच्या कक्षात डॉक्टर धैर्यशील नावाचे सव्वीस वर्षांचे तरुण गृहस्थ होते. अतिशय मन लावून काम करणारे. त्यांनी संयोगिताबाईंची नाडी धरली, कार्डिओग्राम लावला, आणि मग सगळे प्रश्न हंबीररावांना विचारले. हंबीररावांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, त्यामुळं त्यांनी एकही उत्तर अडखळत दिलं नाही.

"झोप कशी लागते यांना?"

"गाढ."

रात्रीतून तीनदा उठून खिडकीशी उभ्या राहणाऱ्या संयोगिताबाईंनी छताकडं पाहिलं.

"काही ताणतणाव?"

"तिला कसला ताण, डॉक्टर? घरातच तर असती."

कार्डिओग्राममध्ये ठोके जरा जलद होते, बाकी सगळं ठीक होतं. पण एवढी माणसं खुर्ची उचलून एका बाईला घेऊन येतात आणि त्यांना काहीच झालेलं नाही, हे डॉक्टर धैर्यशीलना पटेना. त्यांच्या पुस्तकात अशा वयाच्या बाईला अचानक घाम आणि धडधड झाली तर विचारायचा आणखी एक प्रश्न दिलेला होता. तो त्यांनी फॉर्मवर बोट ठेवून, शक्य तितक्या हळू आवाजात, हंबीररावांनाच विचारला.

"यांची पाळी चालू आहे का?"

खोलीतल्या सगळ्या पुरुषांनी एकदम वर ट्यूबलाईटकडं पाहिलं. एका मेकॅनिकला बाहेर काहीतरी काम आठवलं. हंबीररावांनी घसा साफ केला आणि हे खातं आपल्याकडं नसून मातोश्रींकडं आहे असं सुचवलं. मातोश्री आक्काताई, वय अठ्ठ्याहत्तर, बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांना आत बोलावण्यात आलं.

संयोगिताबाईंच्या छातीत खरी धडधड सुरू झाली ती या क्षणी.

त्याचं कारण सांगायला हवं. इंगवल्यांच्या घरात पाळी आलेल्या बाईनं चार दिवस बाजूला बसायची रीत होती. चुलीला शिवायचं नाही, देवाला शिवायचं नाही, भांड्याला शिवायचं नाही. मागच्या खोलीत एक खाट, एक जुना काळा-पांढरा टीव्ही आणि दारातून आत सरकवलेलं ताट. अपमानाची रीत, यात शंका नाही. पण घरात आठ माणसं, त्यांत सहा पुरुष. धाकटी जाऊ मलकापूरला शाळेत शिकवायची, ती तिकडंच राहायची आणि तिची दोन्ही पोरं इकडं जेवायला. वर दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी हंबीरराव पंधरा-वीस दोस्तांना मटणाला बोलावत. असं असताना हे चार दिवस म्हणजे संयोगिताबाईंची एकुलती एक रजा होती. त्या चार दिवसांत त्या वाचनालयातल्या रहस्यकथा वाचत. महिन्याला चार, दिवसाला एक.

आणि मार्चनंतर त्यांची पाळी थांबली. एप्रिलमध्ये वाट पाहिली, आली नाही. शेवटच्या रविवारचं मटण तोंडावर आलं. संयोगिताबाईंनी शनिवारी सकाळी भांडी घासली, हात पुसले, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनं चार गोल केले आणि त्या मागच्या खोलीत जाऊन बसल्या. मटण खानावळीत हललं. घरात आक्काताईंनी पिठलं-भाकरी केली. कुणाचं काही बिघडलं नाही. यात देवाला फसवलं म्हणावं, तर तसंही नव्हतं, त्या उलट जास्तच सोवळ्या झाल्या होत्या. मग मेमध्येही त्यांनी तसंच केलं.

आता आक्काताई काय सांगणार होत्या, हे उघड होतं.

"म्हयन्याच्या शेवटच्या शनवारी बसली, बुदवारी न्हाली," आक्काताई म्हणाल्या. "दर म्हयन्याला. घड्याळावानी."

"नक्की ना, आजी?"

"मी काय खोटं बोलाय आलोय व्हय?"

त्यावर कुणी तरी थांबायला हवं होतं. पण बाळासोला मदतीचं भारी वेड. वहिनी सगळं कॅलेंडरवर मांडून ठेवतात हे त्याला आठवलं, आणि दहा मिनिटांत स्कूटरवरून जाऊन त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट आणलं. डॉक्टर धैर्यशीलनी नोव्हेंबरचं पान पाहिलं. चार लाल गोल, स्वच्छ, ठसठशीत. एवढा कागदोपत्री पुरावा त्यांना आजवर एकाही पेशंटनं दिला नव्हता. त्यांनी कॅलेंडर केसपेपरला टाचलं आणि फायलीतल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा नियम असल्यामुळं जानेवारी ते डिसेंबर बाराही पानांवर दवाखान्याचा गोल शिक्का बसला.

"पाळी थांबलेली असती तर मी वेगळा विचार केला असता," ते हंबीररावांना म्हणाले. "पण ती नियमित आहे. म्हणजे हे हृदयाचंच. आज आयसीयूत ठेवू. उद्या मोठे डॉक्टर बघतील आणि बहुतेक पुण्याला पाठवतील, अँजिओग्राफीला."

हंबीररावांनी लगेच बिद्रीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला फोन करून सकाळसाठी सुमो मागवली. संयोगिताबाईंनी "अहो, मी काय म्हणते" अशी सुरुवात केली, तेव्हा चौघांनी मिळून त्यांना बोलू नका म्हणून सांगितलं. खरं तर बरंच झालं. बोलल्या असत्या तरी काय सांगणार होत्या, हे त्यांनाही ठरवता येत नव्हतं. खरं सांगावं तर चार दिवस कायमचे गेले. न सांगावं तर उद्या पुणे.

आयसीयूत नातेवाइकांना बंदी होती, त्यामुळं दुपार शांत गेली. चारच्या सुमाराला पुन्हा आग उसळली. उशाशी लावलेलं यंत्र टुंटुं करायला लागलं. डॉक्टर धैर्यशील धावत आले, त्यांनी ऑक्सिजनची नळी लावली, इंजेक्शन काढायला सांगितलं आणि मोठ्या डॉक्टरांना फोन करायला धावतच बाहेर गेले. मागे राहिली सिस्टर दीक्षा. चाळिशीकडं झुकलेली, पंधरा वर्षं याच कामात काढलेली बाई. तिनं इंजेक्शन काढलं नाही. तिनं केसपेपरची फाईल उचलली आणि त्या फाईलनंच संयोगिताबाईंना वारा घालायला सुरुवात केली.

"काकू, हे किती वेळ राहतंय?"

संयोगिताबाईंना उत्तर द्यायला क्षणभर उशीर झाला. सकाळपासून त्यांना प्रश्न विचारणारं हे पहिलंच माणूस होतं.

"दोन-तीन मिनिटं," त्या म्हणाल्या.

"मानेपासनं वर चढतंय?"

"व्हय."

"झोपेत पण?"

"झोप लागतीय कुठं."

दीक्षानं मान हलवली. यंत्र आपोआप गप्प झालं होतं. तिनं हातातली फाईल उघडली आणि कॅलेंडर चाळायला लागली. नुसतं नोव्हेंबरचं पान नाही, सगळं. जानेवारीत गोल बुधवारपासून होते, फेब्रुवारीत सोमवारपासून, मार्चमध्ये शुक्रवारपासून. मग तिचं बोट एप्रिलवर थांबलं, मेवर गेलं, जूनवर गेलं.

"काकू, ही तुमची पाळी सरकारी नोकरीला लागलीया काय? एप्रिलपासनं दर वेळेला शेवटच्या शनिवारीच हजर?"

संयोगिताबाई भिंतीकडं बघत राहिल्या.

"आणि ऑगस्टात गोलच न्हाई. ऑगस्टात काय झालतं?"

"श्रावण होता," संयोगिताबाई बारीक आवाजात म्हणाल्या.

"मग?"

"श्रावणात मटण नसतं."

दीक्षा स्टुलावर बसली. आयसीयूत हसायला मनाई असते म्हणून तिनं पदर तोंडात धरावा तशी फाईल तोंडावर धरली. मग संयोगिताबाईंनी तिला सगळं सांगितलं, मटण, पिठलं, मागची खोली, रहस्यकथा. सांगताना त्यांना रडू आलं आणि त्याचा त्यांना रागही आला, कारण एवढ्या-तेवढ्यावर रडू येणं हेही गेल्या सहा महिन्यांतलंच नवीन होतं.

"तुमच्यात बसतात का गं बाजूला?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"न्हाई. आम्ही बौद्ध. छप्पन सालीच आजोबांनी विटाळ-बिटाळ सगळं घरातनं काढून टाकलं. फार चांगलं झालं. पण आईला त्याच्या बदल्यात सुट्टी कवा, ते काय कुणी ठरवलं न्हाई."

"मग?"

"मग आईनंच ठरवलं. रविवारी चूल पेटवणार न्हाई म्हणाली. तवापासनं रविवारी बाबा करतात. आमटीत मीठ विसरतात, पण करतात."

"आणि तुझ्या बाबांनी ऐकलं तिचं?"

"तिनं विचारलंच न्हाई, काकू. सांगितलं."

हे वाक्य संयोगिताबाईंनी दोनदा मनात म्हणून पाहिलं. मग दीक्षानं पुण्याला काय करतात ते समजावलं. मांडीतून नळी घालतात, ती काळजापर्यंत नेतात. संयोगिताबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की त्यात किती दिवस जातात. तीन-चार, दीक्षा म्हणाली. मग त्यांनी विचारलं, की तेवढे दिवस आडवं पडून राहायचं का, आणि जेवण हातात मिळतं का. दीक्षा त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. बाई चेष्टा करत नव्हत्या.

"काकू, रजेसाठी कुणी काळजात नळी घालून घेतंय व्हय? मी डॉक्टरांना सांगणार न्हाई. तुम्ही सांगा. सुमो सुटायच्या आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सुमो दारात उभी होती. संयोगिताबाईंना बाहेरच्या खोलीत आणलं होतं आणि खाटेभोवती हंबीरराव, बाळासो, दोन्ही पोरं, सुमोचा मालक आणि पुण्याची वाट माहीत असलेला त्याचा एक पाहुणा असा घोळका जमला होता. कराडला थांबून चहा घ्यायचा की साताऱ्याला, यावर मतभेद होते. आक्काताई कोपऱ्यात शहाळं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मोठे डॉक्टर आले. पंचावन्नचे, भारदस्त, कपाळावर आठी. त्यांनी कालचे-आजचे कार्डिओग्राम पाहिले, रक्ताचे रिपोर्ट पाहिले, सगळं इतकं चांगलं कसं याबद्दल थोडी नाराजी दाखवली आणि मग हंबीररावांकडं वळून ते म्हणाले, की तरीही पुण्याला जाऊन या, एकदा शंका फिटलेली बरी.

"डॉक्टर," संयोगिताबाई म्हणाल्या, "एक सांगायचंय."

"तू बोलू नको," हंबीरराव म्हणाले.

"मी बोलणार."

त्या उठून बसल्या. आवाज ठरल्यासारखा निघाला. "माझी पाळी आठ महिने झाले, बंद हाय. मार्चला शेवटची. मला हार्टचं काय न्हाई. ती गेल्यामुळं अंगाचा भडका हुतोय, आणि ह्यातलं मला कुणी विचारलं न्हाई."

सहा पुरुषांनी ट्यूबलाईटकडं पाहिलं. आज तर ती लावलेलीही नव्हती. मोठ्या डॉक्टरांनी मात्र हातातला कार्डिओग्राम खाली ठेवला. घरी त्यांची स्वतःची बायको वर्षभर, भर थंडीतसुद्धा, पंखा पाचावर लावून झोपत होती आणि त्यांनी तिला झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. ती गोष्ट त्यांना आत्ता, नेमक्या नको त्या वेळी आठवली. डॉक्टर धैर्यशीलनी निमूटपणे कॅलेंडर पुढं केलं.

"पण मग हे?"

आता हंबीररावांच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. संयोगिताबाईंना ती दिसत होती. आठ महिने बंद. तरी कॅलेंडरवर गोल. खानावळीतलं मटण. त्यांच्या कपाळाची शीर उठली, आणि त्यांनी फार हळू, फार वाईट आवाजात सुरुवात केली.

"म्हंजे तू आठ म्हयने..."

"बसली तर काय झालं?" कोपऱ्यातून आक्काताई म्हणाल्या. शहाळं त्यांनी बाजूला ठेवलं होतं. "आपल्यात बंद झाल्यावर बी बसत्यात."

हंबीरराव वळले. "कोण म्हणतंय?"

"मी म्हणतोय. अंगातली उष्णता मुरस्तवर बसाय लागतं. न बसलं तर ती घरातल्या बाप्यांस्नी बाधती. रीतच हाय."

"किती दिवस बसायचं?"

आक्काताईंनी क्षणभर विचार केला. "बारा वर्सं."

"आई, काय पण..."

"काय पण काय? मला न्हाई का बसाय लागलं? तुझं लगीन झालं तवा मी पन्नाशीची. साठीपतोर दर म्हयन्याला मागल्या खोलीत हुतो. ताटं तूच सरकवल्यास की माझी. आठवतंय का न्हाई?"

हंबीररावांना आठवत होतं. आई म्हातारी होईपर्यंत बाजूला बसत होती, त्यांनी स्वतः ताटं सरकवली होती आणि तिचं वय त्यांच्या कधीच मनात आलं नव्हतं. आता ते पुरावाच होऊन समोर उभं राहिलं. घरातल्या बाप्यांना बाधण्याचा मुद्दाही त्यांना अगदीच दुर्लक्ष करण्यासारखा वाटेना.

"आजी, शास्त्रात असं काही नाही," मोठे डॉक्टर म्हणाले.

"तुमची आई न्हाई व्हय बसायची? घरी जाऊन इचारा तिला."

मोठ्या डॉक्टरांना विचारायला जायची गरज नव्हती. त्यांनीही एकदा ट्यूबलाईटकडं पाहिलं. मग पेन काढलं, आग कमी व्हायच्या गोळ्या लिहिल्या, बाई-डॉक्टरांकडं दाखवायला सांगितलं आणि खाली मोकळी राहिलेली जागा बघून एक ओळ आणखी लिहिली: दरमहा चार दिवस पूर्ण विश्रांती. खाली शिक्का मारला. जाताना त्यांनी सिस्टर दीक्षाला दारापाशी थांबवलं आणि हे तुम्हाला कालच कळलं होतं असं बाई सांगत होत्या, कसं ओळखलंत, असं विचारलं.

"विशेष काही न्हाई, सर," दीक्षा म्हणाली. "त्यांना विचारलं."

सुमो पुण्याऐवजी आठव्या गल्लीत आली. पुण्याची वाट माहीत असलेला पाहुणा जरा हिरमुसला होता, म्हणून बाळासो त्याला मिसळ खायला घेऊन गेला. घरात दोघीच असताना संयोगिताबाईंनी सासूला विचारलं, "आत्याबाई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"श्रावणात इसरलीस तवाच कळलं मला. जरा ध्यान ठेवून करावं माणसानं."

संयोगिताबाईंना हसू आलं, डोळेही भरून आले. ह्या बाईनं काल डॉक्टरांसमोर आपली रजा वाचवली आणि आज नवऱ्यासमोर अब्रू वाचवली. वाकून नमस्कार करावा म्हणून त्या पुढं झाल्या आणि अर्ध्यातच थबकल्या. आपण ह्या घरात आलो तेव्हा सासूबाई पन्नास वर्षांच्या होत्या. साठीपर्यंत बसत होत्या. म्हणजे ती दहा वर्षं, दर महिन्याला चार दिवस, आठ-आठ माणसांच्या भाकऱ्या...

"आत्याबाई, त्या धा वर्सांत भाकऱ्या मी थापल्या."

"मग?" आक्काताई म्हणाल्या. "आता पिठलं कोण करून घालतंय तुला? ह्या वयात?"

संयोगिताबाईंनी नमस्कार पुरा केला.

नव्या वर्षाचं कॅलेंडर आलं तेव्हा हंबीररावांनी स्वतः लाल पेन्सिल घेतली आणि जुन्या शिक्क्यांच्या कॅलेंडरवर बघून बाराही महिन्यांत शनिवार ते मंगळवार गोल करून ठेवले. दवाखान्याचा शिक्का असलेल्या गोष्टीत ते कधी वाद घालत नसत. श्रावणही त्यांनी सोडला नाही.

त्याआधी डिसेंबरचा शेवटचा शनिवार आला. संयोगिताबाई सकाळीच चार पुस्तकं घेऊन मागच्या खोलीत गेल्या. थोड्या वेळानं दार उघडलं आणि आक्काताई आपली घोंगडी, सुपारीची पिशवी घेऊन आत आल्या आणि खाटेच्या दुसऱ्या टोकाला ऐसपैस बसल्या.

"तुम्ही कशाला आत्याबाई?"

"बारा सांगिटल्यात न्हवं त्येला. मी धाच बसलोय. माझी दोन ऱ्हायल्यात."

खानावळ नेमकी त्या दिवशी बंद होती. धाकटी जाऊ मलकापुरात. त्यामुळं दुपारी साडेबाराला हंबीरराव स्वेटर आणि मफलरसकट गॅससमोर उभे होते आणि त्यांच्यासमोर पिठलं उकळत होतं. पिठल्याच्या गुठळ्या झाल्या होत्या, त्या मोडायला गेलं की ते उडून मनगटावर बसत होतं. मिरचीच्या ठसक्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं. कोथिंबीर घ्यायला त्यांनी फ्रीज उघडला आणि ती गार हवा तोंडावर आली. त्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी जरा पुढं वाकून दुधाचं पातेलं आणि मेथीची जुडी यांच्या मधल्या जागेत कपाळ टेकवलं. ते तिथं बरोबर मावलं.

तेवढ्यात पाणी प्यायला बाळासो आत आला. त्यानं दादाचं डोकं पाहिलं, मानेवरून ओघळणारा घाम पाहिला आणि तांब्या खाली ठेवला.

"खुर्ची आणा रं," त्यानं हाळी दिली.

"मला काय झालं न्हाई, बाळ्या, जरा गरम..."

मागच्या खोलीत आक्काताईंनी सुपारी कातरायची थांबवून कान दिला. संयोगिताबाई रहस्यकथेच्या तिसऱ्या प्रकरणात होत्या. पुस्तकातून डोकं वर न काढता त्यांनी तिथूनच सांगितलं, "भाऊजी, त्यांना बोलू देऊ नका. बोललं की लोड येतो."